मत देता येते, मग निवडणुकीला उभे का राहता येत नाही?

सायली:

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे बेल्जियममध्ये राहते आणि अजूनही भारतीय नागरिक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये येथे झालेल्या नगरपालिका निवडणुकीत मी मतदान केले. युरोपीय संघाबाहेरील देशांच्या नागरिकांना हा हक्क २००४ च्या कायद्याने मिळाला आणि २००६ च्या निवडणुकीत तो पहिल्यांदा बजावला गेला. पाच वर्षांचा सलग कायदेशीर निवास पूर्ण झाल्यावर नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. राज्यघटना, देशाचे कायदे आणि मानवी हक्कांचा युरोपीय करार यांचा मी आदर राखीन, असे निवेदन त्या अर्जातच सही करून द्यावे लागते. यात मला काहीही गैर वाटले नाही आणि मी ते मनापासून दिले.

अडचण पुढे आली. आमच्या भागातील शाळेजवळच्या रस्त्यावर वाहनांचा वेग कमी व्हावा म्हणून आम्ही काही पालकांनी तीन वर्षे नगरपालिकेकडे पाठपुरावा केला होता. वाहनांची मोजणी करणे, सभांना जाणे, निवेदने लिहिणे यातले बरेचसे काम माझ्याकडे होते. ते पाहून एका स्थानिक पक्षाने मला आपल्या यादीतून उभे राहण्याविषयी विचारले. दोन दिवस विचार करून मी होकार कळवला आणि त्यानंतर चौकशी केली तेव्हा कळले की कायद्याने मला केवळ मताचा हक्क दिला आहे, उमेदवारीचा नाही. आमच्याच गटातील एक पोर्तुगीज शेजारीण अडीच वर्षांपूर्वी येथे आली. ती युरोपीय संघाची नागरिक असल्यामुळे तिला उभे राहता येत होते, आणि ती उभी राहिलीही. मी तिचा प्रचार केला आणि त्याचा मला आनंदच आहे. परंतु जिचे मत मोजण्याइतका विश्वास ठेवला जातो, तिचे नाव मतपत्रिकेवर येऊ नये यामागचा विचार मला समजलेला नाही.

मतदान आणि उमेदवारी यांची अशी फारकत इतर देशांतही केली जाते का? तिच्यामागे कोणते कारण सांगितले जाते? आणि नागरिकत्व घेण्याखेरीज दुसरा मार्ग कोठे निघाला आहे का? ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मकरंद:

सायलीताई, तुम्ही सीमेच्या या बाजूला, म्हणजे नेदरलँड्समध्ये राहत असता, तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता. येथे १९८३ मध्ये राज्यघटनेची फेररचना झाली तेव्हा कलम १३० घालण्यात आले. डच नागरिक नसलेल्या रहिवाशांना नगरपरिषदेचे सदस्य निवडण्याचा आणि स्वतः सदस्य होण्याचा हक्क कायद्याने देता येईल, असे त्यात म्हटले आहे. दोन्ही हक्क एकाच वाक्यात आले आहेत आणि माझ्या मते त्या कलमाचे मर्म तेथेच आहे. त्याप्रमाणे कायदा झाला आणि १९८६ च्या निवडणुकीपासून पाच वर्षे सलग कायदेशीर निवास असलेली कोणत्याही देशाची व्यक्ती मत देऊ शकते आणि उभीही राहू शकते. मर्यादा आहेत. संसदेची निवडणूक नागरिकांपुरतीच आहे, आणि महापौर हा येथे निवडून येत नाही तर राजाज्ञेने नेमला जातो व तो डच नागरिकच असावा लागतो. नगरपरिषदेच्या सभागृहात मात्र भारतीय पारपत्रधारक सदस्याच्या मताला इतर कोणत्याही सदस्याच्या मताइतकेच वजन असते.

उत्तरेकडील देशांनीही हे दोन हक्क वेगळे केले नाहीत. स्वीडनने १९७६ च्या निवडणुकीपासून तीन वर्षांच्या निवासानंतर परकीय रहिवाशांना नगरपालिका आणि प्रांत या दोन्ही स्तरांवर मतदानाचा व उमेदवारीचा हक्क दिला. तेथे वेगळा अर्जही करावा लागत नाही, कारण लोकसंख्या नोंदवहीवरूनच मतदारयादी तयार होते. आयर्लंड तर याहून पुढे आहे. तेथे स्थानिक निवडणुकीत मत देण्यासाठी वा उभे राहण्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. रहिवास पुरेसा असतो. नायजेरियातून २००० मध्ये आश्रय मागण्यासाठी तेथे आलेले रोटिमी अडेबारी हे २००४ मध्ये पोर्टलीश गावाच्या परिषदेवर निवडून आले आणि २००७ मध्ये त्याच गावाचे महापौर झाले. आश्रयार्थी म्हणून आलेल्या माणसाला सात वर्षांत गावाचे प्रमुखपद मिळाले, याचे श्रेय त्यांच्या कर्तृत्वाला आहेच, पण उमेदवारीच्या दाराला कडी नव्हती हेही त्याचे कारण आहे.

तुमच्यासारखी स्थिती असलेले देशही आहेत. दक्षिण कोरियात २००६ पासून कायम वास्तव्याचा परवाना मिळून तीन वर्षे झालेले परकीय रहिवासी स्थानिक निवडणुकीत मत देतात, पण उभे राहू शकत नाहीत. न्यूझीलंडमध्ये कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्यांना १९७५ पासून संसदेच्या निवडणुकीतही मत आहे, जे जगात फारच थोड्या ठिकाणी आढळते. आणि तरीही गावच्या परिषदेसाठी उमेदवार व्हायचे तर नागरिकत्व लागते.

या फारकतीचे सर्वांत बोलके उदाहरण मला स्पेनचे वाटते. युरोपीय कायद्याच्या परिभाषेत मत देण्याच्या हक्काला सक्रिय मताधिकार आणि निवडून येण्याच्या हक्काला निष्क्रिय मताधिकार म्हणतात. (निवडणुकीला उभे राहून दारोदार फिरणाऱ्याला निष्क्रिय म्हणणे मला कधीच पटलेले नाही, पण संज्ञा तीच रूढ आहे.) १९७८ च्या स्पॅनिश राज्यघटनेच्या कलम १३ मध्ये परकीयांना परस्परतेच्या तत्त्वावर स्थानिक निवडणुकीत केवळ सक्रिय मताधिकार देण्याची तरतूद होती. युरोपीय संघाची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराने युरोपीय नागरिकांना दोन्ही हक्क द्यायचे ठरवले, तेव्हा १९९२ च्या ऑगस्टमध्ये त्या कलमात ‘आणि निष्क्रिय’ एवढीच भर घालण्यात आली. त्या राज्यघटनेत झालेली ती पहिली दुरुस्ती होती. त्या छोट्या भरीसाठी आधी घटना न्यायालयाचे मत घ्यावे लागले, यावरूनच उमेदवारीचा हक्क किती वेगळा मानला जात होता हे ध्यानात येते. आणि आजही संघाबाहेरील ज्या देशांशी स्पेनचे परस्पर करार आहेत, त्यांच्या नागरिकांना, ब्रिटनचा अपवाद सोडला तर, तेथे मत देता येते, उभे राहता येत नाही.

कायदेवाचक:

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु दुसरी बाजूही गांभीर्याने मांडली जावी म्हणून लिहितो. ही फारकत केवळ परकीयांविषयीच्या अविश्वासातून आली आहे, असे मानणे योग्य ठरणार नाही.

मत देणारी व्यक्ती आपली इच्छा व्यक्त करते. निवडून आलेली व्यक्ती सार्वजनिक सत्ता वापरते. ती कर ठरवते, बांधकामाला परवानगी देते वा नाकारते आणि काही देशांत पोलिसी स्वरूपाचे आदेशही काढते. युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशानेदेखील नगरप्रमुख आणि कार्यकारी मंडळातील पदे स्वतःच्या नागरिकांसाठी राखून ठेवण्याची मुभा सदस्य देशांना दिली आहे. फ्रान्सने ती घेतली. तेथे दुसऱ्या युरोपीय देशाचा नागरिक नगरसेवक होऊ शकतो, पण महापौर किंवा उपमहापौर होऊ शकत नाही. शिवाय फ्रान्समध्ये सिनेटचे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, सदस्य निवडणारा मतदारांचा गट प्रामुख्याने नगरपालिकांच्या प्रतिनिधींचा बनलेला असतो, आणि सिनेट हे राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचे अंग आहे. म्हणून परकीय नगरसेवकाला त्या प्रक्रियेतून वगळण्याची तरतूद फ्रान्सला १९९२ मध्ये राज्यघटनेतच करावी लागली. म्हणजे ‘गावची निवडणूक तर आहे’ एवढ्यावर प्रश्न सुटत नाही, कारण गावच्या सभागृहाचे धागे वरपर्यंत गेलेले असू शकतात.

जर्मनीतील घटना न्यायालयाचे ३१ ऑक्टोबर १९९० चे दोन निर्णय येथे मुळातून पाहण्यासारखे आहेत. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने डेन्मार्क, आयर्लंड, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन आणि स्वित्झर्लंड या सहा देशांच्या रहिवाशांना पाच वर्षांनंतर, आणि हांबुर्गने आठ वर्षे राहिलेल्या परकीयांना शहरातील जिल्हा सभांसाठी, मताचा हक्क दिला होता. न्यायालयाने दोन्ही कायदे रद्द केले. सर्व राज्यसत्ता लोकांपासून निघते असे राज्यघटना म्हणते, आणि तेथील ‘लोक’ म्हणजे जर्मन नागरिकांचा समुदाय होय. हाच अर्थ गाव व जिल्हा पातळीलाही लागू होतो, असा तो निर्णय होता. त्याच न्यायालयाने पुढे असेही म्हटले की, कायम राहणारे लोक आणि मताचा हक्क असलेले लोक यांत अंतर पडत असेल, तर ते कमी करण्याची जागा नागरिकत्वाचा कायदा ही आहे. युरोपीय नागरिकांसाठी नंतर १९९२ मध्ये राज्यघटनाच बदलावी लागली. व्हिएन्नानेही पाच वर्षे राहिलेल्या बिगर-युरोपीय रहिवाशांना जिल्हा परिषदांसाठी मत देणारा कायदा केला होता. तो ऑस्ट्रियाच्या घटना न्यायालयाने २००४ मध्ये जवळजवळ याच तर्काने रद्द केला.

मला हा तर्क प्रामाणिक वाटतो. बेल्जियममध्ये अकरा वर्षे राहणाऱ्या व्यक्तीला नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. ज्याला सभागृहात बसायचे आहे त्याने त्या समाजाशी पूर्ण बांधिलकी पत्करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

सायली:

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. कायदेवाचक, तुम्ही जे मांडले ते मी दोनदा वाचले. तरीही दोन ठिकाणी माझे समाधान होत नाही.

पहिले नागरिकत्वाविषयी. बेल्जियम दुहेरी नागरिकत्वाला हरकत घेत नाही, पण भारत घेतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणारे ओळखपत्र हे नावाने नागरिकत्व असले तरी त्यात मताचा हक्क नाही आणि घटनात्मक पदेही मिळत नाहीत. म्हणजे माझ्या पोर्तुगीज शेजारणीला जे काही न सोडता मिळाले, त्यासाठी मला एक आयुष्यभराचे नाते कायद्याने तोडावे लागेल. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांच्याविषयी मला आदर आहे. मलाही कदाचित कधी तो घ्यावासा वाटेल. परंतु शाळेसमोरच्या रस्त्यावर गतिरोधक कोठे असावा हे ठरवणाऱ्या सभागृहात बसण्याची ती किंमत असावी, हे मला पटत नाही.

दुसरे सार्वजनिक सत्तेविषयी. महापौरपद नागरिकांसाठी राखून ठेवावे, याला माझी हरकत नाही. बेल्जियममध्येही महापौर बेल्जियन नागरिकच असावा लागतो. पण साधा सदस्य हा अनेकांतील एक असतो. तो एकटा कोणताही आदेश काढू शकत नाही. आणि जर्मन न्यायालयाचा तर्क मान्य केला, तर तो मताच्या हक्कालाही तितकाच लागू होतो. मत हेच राज्यसत्तेचे उगमस्थान असेल, तर उगमाशी मला उभे करून पुढे अडवण्यात सुसंगती कोठे राहिली? जर्मनीने दोन्ही हक्क नाकारले आणि नेदरलँड्सने दोन्ही दिले. या दोन्ही भूमिका मला समजतात. मला समजत नाही ती मधली.

या मधल्या भूमिकेचा परिणाम काय होतो तेही सांगते. आमच्यासारख्या मतदारांविषयी पक्ष बोलतात, पण आमच्यापैकी कोणी त्यांच्या यादीत असण्याची शक्यताच नसल्यामुळे आमच्या प्रश्नांची मांडणी नेहमी दुसऱ्याच्या तोंडून होते. निवास परवान्याच्या नूतनीकरणासाठी नगरपालिकेच्या खिडकीपाशी महिनोन्महिने थांबावे लागणे म्हणजे काय, हे सभागृहातील एकाही सदस्याने स्वतः अनुभवलेले नसते.

अनघा (लंडन):

ब्रिटनची गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते, कारण अनेक मराठी कुटुंबांना ती माहीत नसते. राष्ट्रकुल देशांचे नागरिक म्हणून भारतीयांना येथे केवळ स्थानिकच नव्हे तर संसदेच्या निवडणुकीतही मत आहे, आणि त्यासाठी किमान वर्षांची अट नाही. वैध परवान्यावर आलेला विद्यार्थीसुद्धा पत्ता नोंदवून मतदारयादीत नाव घालू शकतो. उमेदवारीसाठी मात्र इंग्लंडमध्ये बेमुदत वास्तव्याचा परवाना असावा लागतो. म्हणजे फारकत येथेही आहे, पण तिची रेषा नागरिकत्वावर नसून वास्तव्याच्या स्थैर्यावर आखलेली आहे. मला ही रेषा अधिक न्याय्य वाटते. चार वर्षांसाठी निवडून आलेली व्यक्ती दुसऱ्या वर्षी परवाना संपल्यामुळे देश सोडून गेली, तर ज्यांनी तिला निवडले त्यांचे नुकसान होते, हे कारण कोणालाही समजावून सांगता येते.

स्कॉटलंडने २०२० च्या कायद्याने आणि वेल्सनेही त्याच सुमारास कायदेशीरपणे राहणाऱ्या सर्व देशांच्या नागरिकांना स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क दिला. याउलट इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने युरोपीय नागरिकांचा हक्क आकसला. ब्रिटन संघातून बाहेर पडण्यापूर्वीपासून राहणारे आणि ज्यांच्या देशांशी स्वतंत्र करार झाले आहेत असे लोक वगळता इतरांचे मत गेले. एकाच बेटावर एकाच वेळी हक्क एकीकडे वाढला आणि दुसरीकडे कमी झाला.

रानवारा:

अनघाताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो, कारण याच उलथापालथीची दुसरी बाजू मी फ्रान्समध्ये जवळून पाहिली. ग्रामीण फ्रान्समध्ये अनेक ब्रिटिश निवृत्त लोक स्थायिक झाले होते आणि त्यांच्यापैकी सातशेहून अधिक जण नगरसेवक होते. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि मार्चमध्ये झालेल्या नगरपालिका निवडणुकीत त्यांना ना उभे राहता आले, ना मत देता आले. त्यांनी काही गैर केले नव्हते, घर बदलले नव्हते, कर चुकवला नव्हता. आमच्या गावातील अशा एका वृद्ध नगरसेवकांनी पाणीपुरवठ्याचे सगळे कागद नीट लावून, प्रत्येक कागदावर टिपण लिहून, ते नव्या सदस्यांच्या हवाली केले. तो प्रसंग मी विसरू शकत नाही. पासपोर्टला जोडलेला हक्क पासपोर्टासोबत जातो. डच किंवा स्वीडिश पद्धतीत हक्क वास्तव्याला जोडलेला आहे, आणि म्हणून तेथे राहणाऱ्या ब्रिटिशांचा स्थानिक हक्क टिकला.

सायलीताईंच्या फारकतीचे उलटे रूप इटलीत दिसले आहे. रोम शहराने २००४ मध्ये बिगर-युरोपीय रहिवाशांकडून नगरपरिषदेवर ‘जोड-सदस्य’ निवडून घेतले. त्यांना सभागृहात बसता येत होते, बोलता येत होते, पण ठरावावर मत देता येत नव्हते. बेल्जियममध्ये मत आहे आणि आसन नाही. तेथे आसन होते आणि मत नव्हते. युरोप परिषद या युरोपीय संघाहून वेगळ्या संघटनेच्या १९९२ च्या स्ट्रासबुर्ग करारात या दोन्ही गोष्टींसाठी वेगवेगळी प्रकरणे आहेत. सल्लागार मंडळांसाठी एक आणि पाच वर्षांच्या निवासानंतर मत व उमेदवारी अशा दोन्ही हक्कांसाठी दुसरे. करार स्वीकारताना देशाला प्रकरण वगळता येते. इटलीने निवडणुकीचे प्रकरण वगळूनच तो स्वीकारला.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूच्या लोकांनीही मान्य करायला हवी. स्वीडनमध्ये १९७६ साली परकीय मतदारांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी मतदान केले होते. २००२ पर्यंत ते प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर आले. तेथे उमेदवारीचा हक्क पहिल्या दिवसापासून होता, तरीही घसरण झाली. तेव्हा उमेदवारी मिळाली की सहभाग आपोआप वाढेल, असे समजू नये. ती मागणी न्यायाची म्हणून करावी.

कायदेवाचक:

सायलीताई, सुसंगतीविषयीचा तुमचा आक्षेप मला मान्य करावा लागेल. मत दिल्यानंतर उमेदवारी नाकारायची असेल, तर त्यासाठी स्वतंत्र कारण द्यावे लागते, आणि साध्या सदस्यत्वाच्या बाबतीत ते मी देऊ शकलो नाही. अनघाताईंनी सांगितलेली वास्तव्याच्या स्थैर्याची अट मला पटण्याजोगी वाटते. नागरिकत्व हाच राजमार्ग आहे हे माझे मत मात्र कायम आहे. तो ज्यांना त्यांच्या मूळ देशाच्या कायद्यामुळे महाग पडतो, त्यांच्यासाठी वेगळा विचार व्हायला हवा एवढी भर मी त्यात घालतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल एक सांगतो. बेल्जियमने युरोपीय नागरिकांना हे हक्क द्यायलाच उशीर केला होता. १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याबद्दल दोषी ठरवल्यावर त्याच वर्षी राज्यघटनेचे कलम ८ बदलले गेले, आणि त्याच दुरुस्तीत बिगर-युरोपीय रहिवाशांसाठी कायदा करण्याची वाटही मोकळी करण्यात आली. त्या वाटेवरून प्रत्यक्ष कायदा यायला २००४ उजाडले. म्हणजे बदल झाले आहेत, पण प्रत्येक वेळी कोणीतरी विशिष्ट दुरुस्ती कागदावर मांडल्यावर झाले आहेत.

सायली:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डच कलम १३० ची प्रत मी आजच मिळवली आणि आमच्या गटातील वकील असलेल्या एका पालकांना पाठवली. ज्या पक्षाने मला विचारले होते, त्यांच्या प्रादेशिक बैठकीत पुढच्या महिन्यात ठरावांसाठी जागा आहे. पाच वर्षांच्या निवासासोबत बेमुदत परवान्याची अट घालून नगरपरिषदेपुरती उमेदवारी द्यावी, असा मसुदा आम्ही तेथे मांडणार आहोत. पुढील निवडणूक ऑक्टोबर २०३० मध्ये आहे.

बेल्जियममध्ये राहणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. पाच वर्षे झाली असतील तर नोंदणीचा अर्ज आताच द्या, निवडणुकीच्या वर्षाची वाट पाहू नका. एकदा नाव नोंदले की पुढच्या निवडणुकांसाठीही ते कायम राहते. ब्रुसेल्समध्ये एक तृतीयांशाहून अधिक रहिवासी परकीय नागरिक आहेत आणि त्यांच्यातील बहुसंख्य पात्र लोक नोंदणीच करत नाहीत. आमचा मसुदा वाचून पहिला प्रश्न त्यावरच विचारला जाणार आहे. ज्यांना तो मसुदा पाहून सूचना करायच्या असतील त्यांनी येथेच कळवावे, मी तो या धाग्यावर ठेवीन.